सौर गरम पाण्याच्या यंत्रणेतील बिघाड : कोथरूडच्या एका सोसायटीतील कामाच्या नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

गेल्या आठवड्यापासून सोसायटीच्या तक्रारवहीत गरम पाण्याविषयीच्या नोंदी वाढत चालल्या आहेत. सुरुवातीचे काही दिवस आकाश ढगाळ होते, त्यामुळे पाणी कोमट येणे सर्वांनी समजून घेतले. परंतु स्वच्छ ऊन पडू लागल्यावरही सकाळी सातनंतर आंघोळीपुरते कढत पाणी कोणत्याच घराला मिळत नाही, आणि दोन नंबरच्या उभ्या लाइनवरील घरांना तर ते पहाटेही मिळत नाही. देखभाल पाहणाऱ्या कंत्राटदाराने सर्व कलेक्टर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारी गच्चीवरची पॅनेल, जुने झाले असून ते बदलावेत, असा सल्ला दिला आहे. तो खर्च मोठा आहे. उष्णता मुळातच कमी तयार होते, की तयार झालेली वाटेत वाया जाते, हे मोजल्याशिवाय असा निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही. व्यवस्थापन समितीने हे काम माझ्याकडे सोपवले आहे, आणि पुढे ज्यांच्याकडे ते जाईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवत आहे.

इमारत पाच मजल्यांची असून प्रत्येक मजल्यावर चार सदनिका आहेत. गच्चीवर प्रत्येकी सुमारे २ चौरस मीटरचे २० सपाट कलेक्टर पाच-पाचच्या चार गटांत, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे ३० अंशांच्या उतारावर बसवलेले आहेत. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश आहे. उतार त्याहून अधिक ठेवल्याने हिवाळ्यातले खालून जाणारे ऊन कलेक्टरवर अधिक सरळ पडते, म्हणून ही मांडणी योग्यच आहे. गरम पाण्याची टाकी २००० लिटरची, स्टेनलेस स्टीलची आणि पफचे, म्हणजे उष्णतारोधक फोमचे, आवरण असलेली आहे. कलेक्टर आणि टाकी यांच्यात पंप नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि त्याच्या जागी टाकीच्या तळाचे थंड पाणी खाली येते, यावरच अभिसरण चालते. टाकीतून निघणारी आडवी लाइन गच्चीवर चार उभ्या लाइनींत विभागली जाते, प्रत्येक उभी लाइन एका डक्टमधून पाच घरांना पाणी देते आणि प्रत्येकीच्या तोंडाशी स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे. हे चार व्हॉल्व्ह बसवणाऱ्याने पुढचे काम किती सोपे करून ठेवले आहे, हे आज गच्चीवर उभे राहिल्यावर ध्यानात आले.

८ डिसेंबर, रविवार

सायंकाळी सहा वाजता टाकीच्या वरच्या भागातील तापमान ५८ अंश सेल्सिअस होते. दिवसभर निरभ्र ऊन होते. एवढ्या कलेक्टरांकडून याहून थोडे अधिक अपेक्षित आहे, परंतु ५८ अंशांचे २००० लिटर पाणी वीस घरांना न पुरण्याचे कारण नाही. ते न्हाणीघरात थंड पाण्यात मिसळून वापरायचे असल्याने प्रत्यक्षात त्याच्या जवळपास दुप्पट पाणी होते. उद्या पहाटे, पहिला नळ सुटण्याआधी, टाकीचे तापमान पुन्हा घ्यायचे आहे.

९ डिसेंबर, सोमवार

पहाटे पाच वाजता टाकीचे तापमान ४७ अंश भरले. एका रात्रीत ११ अंश गेले. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने बदलण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने २००० लिटरमधून रातोरात सुमारे २५ युनिट विजेइतकी उष्णता नाहीशी झाली. पफचे आवरण शाबूत असलेली टाकी एवढी निवत नाही.

पहिला संशय उलट्या अभिसरणाचा होता. टाकीचा तळ कलेक्टरच्या माथ्यापेक्षा पुरेसा उंच नसेल, तर रात्री कलेक्टरमधले पाणी आकाशाकडे उष्णता सोडत गार होते, खाली सरकते आणि टाकीतले गरम पाणी मागच्या वाटेने कलेक्टरमध्ये ओढले जाते. तसे असते तर पहाटे कलेक्टरच्या वरच्या पाइपांना ऊब लागली असती. चारही गटांचे पाइप मोजले, ते हवेइतकेच गार होते. ही शंका मिटली.

त्यानंतर साडेसहाला चारही लाइनींच्या टोकांना, पहिल्या मजल्यावरील घरांतून, गरम नळ पूर्ण सोडून आणि पाण्याचे तापमान स्थिरावू देऊन मोजमाप घेतले. एक, तीन आणि चार नंबरच्या लाइनींवर अनुक्रमे ४६, ४५ आणि ४६ अंश मिळाले. दोन नंबरच्या लाइनीवर ३५ अंश मिळाले. पाइपावरचे आवरण फाटल्याने असे होत असेल, असे समितीतील एका सदस्यांचे म्हणणे होते आणि डक्टमध्ये आवरण काही ठिकाणी खरोखरच निघालेले आहे. परंतु मिनिटाला १० लिटर वाहणारे पाणी १२ अंशांनी गार व्हायचे असेल, तर त्या पाइपाने आठ किलोवॅटहून अधिक उष्णता सतत बाहेर टाकली पाहिजे. चार घरगुती गीझर मिळून जेवढी उष्णता देतात तेवढी ही होते. पंधरा-वीस मीटरचा उघडा पाइप तिचा लहानसा अंशच टाकू शकतो. तेव्हा या लाइनीतले पाणी वाटेत निवत नसून त्यात थंड पाणी मिसळत आहे. थंड पाणी २० अंशांचे होते, आणि ४७ व २० यांच्या मिश्रणातून ३५ मिळण्यासाठी त्यात सुमारे ४४ टक्के पाणी थंड असावे लागते.

१० डिसेंबर, मंगळवार

प्लंबर मिस्त्रींना गच्ची दाखवली. टाकीच्या माथ्यावरून उभा गेलेला आणि वर वाकवलेला हवेचा पाइप, म्हणजे एअर व्हेंट, याच्या खाली जमिनीवर शेवाळ धरलेले होते. ते म्हणाले, "साहेब, इथनं पाणी पडतंय, बूच मारून टाकू का?" त्यांना थांबवले. हा पाइप कोणत्याही परिस्थितीत बंद करायचा नाही, हे येथे ठळकपणे लिहून ठेवतो. २० अंशांचे २००० लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापले की ते सुमारे ३६ लिटरने फुगते; थंड पाणी आत येण्याच्या लाइनीवर नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, व्हॉल्व्ह असल्याने त्या वाढीव पाण्याला, तसेच पाण्यातून सुटणाऱ्या हवेला, बाहेर पडण्याची हीच एक वाट आहे. ती बंद झाली तर टाकीवर दाब येतो, आणि टाकी रिकामी करताना आत हवा न शिरल्याने ती चेपू शकते.

मात्र मिस्त्रींच्या बोलण्याने माझे लक्ष एका गोष्टीकडे वेधले गेले. फुगलेले पाणी दुपारी सांडायला हवे. रात्री टाकी निवते, पाणी आकसते आणि व्हेंटमधली पातळी खाली जाते. आज सकाळी सहाला व्हेंटखालची फरशी ओली होती.

११ डिसेंबर, बुधवार

रात्री साडेअकराला व्हेंटखाली २० लिटरची बादली धरली. ती सुमारे १८ मिनिटांत भरली आणि पाणी ५० अंशांच्या आसपास होते. हाच वेग आठ तास टिकला तर पाचशे लिटरहून अधिक गरम पाणी गच्चीच्या पन्हळीतून गटारात जाते. त्याची उष्णता सुमारे १९ युनिट होते. २५ युनिटांच्या तुटीतील उरलेली सहा-सात युनिटे म्हणजे टाकीचे साधारण तीन अंश, आणि एवढे निवणे चांगल्या टाकीलाही स्वाभाविक आहे. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळल्याने मला मोठाच दिलासा मिळाला, कारण आता हरवलेल्या उष्णतेचा पूर्ण हिशेब लागला आहे.

राहिलेला प्रश्न असा की, हे पाणी व्हेंटच्या वाकापर्यंत चढवतो कोण. व्हेंटचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा जवळपास एक मीटर उंच आहे, त्यामुळे केवळ गुरुत्वाने पाणी तेथवर पोहोचूच शकत नाही. इमारतीत कोठेतरी पंपाचा दाब गरम लाइनीत शिरतो आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

आज सर्व घरांना आधी सूचना देऊन सकाळी अकराला कसोटी घेतली. पद्धत साधी आहे आणि कोणत्याही सोसायटीला खर्चाविना करता येईल. गच्चीवर एका लाइनीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, त्या लाइनीवरील सर्वांत वरच्या घराचा एक गरम नळ हवा आत येण्यासाठी उघडा ठेवायचा आणि पहिल्या मजल्यावरचा गरम नळ सोडायचा. उभ्या पाइपात अडकलेले सात-आठ लिटर पाणी निथळून धार थांबली, तर लाइन निर्दोष आहे. धार चालूच राहिली, तर ते पाणी टाकीतून येत नाही, थंड लाइनीतून येते.

एक आणि तीन नंबरच्या लाइनी अर्धी बादली भरण्याआधीच थांबल्या. चार नंबरला बारीक धार राहिली. दोन नंबरला तर बादलीमागून बादली भरत राहिली आणि पाणी थेट थंड टाकीचे होते.

मग दोन नंबरच्या लाइनीवरील घरांचे थंड पाण्याचे कॉक एकेक करून बंद करत गेलो. पाचव्या मजल्याचा कॉक बंद करताच धार एकदम क्षीण झाली, आणि दुसऱ्या मजल्याचा बंद केल्यावर ती थांबली.

पाचव्या मजल्यावर वयस्क दांपत्य राहते. पावसाळ्याच्या आधी त्यांनी थंड पाण्याच्या लाइनीवर आपोआप चालू-बंद होणारा प्रेशर पंप बसवून घेतला होता. त्यांची गरज खरी आहे. गच्चीवरच्या टाकीतील पातळी त्यांच्या नळापासून जेमतेम ५ मीटर उंच असल्याने दाब अर्धा बार मिळतो, आणि तेवढ्यावर त्यांचे कपडे धुण्याचे यंत्र पाणी नीट घेत नव्हते. न्हाणीघरात वॉल मिक्सर असून त्याला बटण दाबून सुटणारा हँड शॉवर जोडलेला आहे. दरवेळी पाणी नव्याने जुळवावे लागू नये म्हणून मिक्सरच्या थंड व गरम दोन्ही चाव्या थोड्या उघड्याच ठेवल्या जातात आणि पाणी बटणाने बंद होते. बटण बंद असताना मिक्सरच्या पोटात थंड आणि गरम लाइन एकमेकींना थेट जोडलेल्या राहतात. पंपाच्या दाबाखालचे थंड पाणी तेथून गरम लाइनीत शिरते, खालच्या घरांच्या नळांत मिसळते आणि रात्री सगळे नळ बंद असताना वर टाकीत चढून व्हेंटवाटे सांडते. आजी म्हणाल्या, "अहो, रात्री पंप आपोआप सुरू व्हायचा, आम्हाला वाटलं फ्लश गळतोय." आजोबांनी तर दोनदा फ्लशची टाकी दुरुस्तही करून घेतली होती. त्यांच्या मनाला लागू नये म्हणून हे स्पष्ट सांगितले की, अशी जोडणी करताना या गोष्टीची कल्पना पंप बसवणाऱ्याने द्यायला हवी होती.

दुसऱ्या मजल्यावर पंप नाही. तेथे एकदांडी मिक्सरचे कार्ट्रिज, म्हणजे थंड-गरम पाण्याचे प्रमाण राखणारा आतला भाग, झिजलेले निघाले. ते आजच बदलले. चार नंबरच्या लाइनीवर तिसऱ्या मजल्याच्या एका घरात पावसाळ्यासाठी गीझर सौर लाइनीला जोडून घेतला आहे आणि त्या जोडणीतला थंड-गरम यांच्यामधला बायपासचा कॉक अर्धवट उघडा होता. तो बंद करून त्याची मूठ काढून ठेवली.

१५ डिसेंबर, रविवार

पाचव्या मजल्याच्या कायमच्या उपायावर आज सविस्तर विचार केला. चाव्या बंद ठेवायच्या, एवढे सांगून भागणार नाही; पाहुणा आला, कामवाल्या मावशी बदलल्या, की पुन्हा तेच होईल. गरम पाणी घरात शिरते तेथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, तर थंड पाणी बाहेर जाणे थांबते, परंतु मिक्सरमध्ये पंपाचा दाब गरम पाण्याला मागेच रेटणार आणि त्यांना स्वतःला गार शॉवर मिळणार. गरम लाइनीवरही पंप बसवणे हा मार्ग आहे, पण तो कढत पाणी सोसणारा हवा, आणि तो सामाईक लाइनीतून इतरांच्या वाट्याचा दाब ओढतो. पंपाची गरज धुण्याच्या यंत्रापुरती असल्याने, पंप तेथल्याच फाट्यावर हलवावा आणि न्हाणीघराची थंड लाइन पूर्वीसारखी गुरुत्वाच्या दाबावर ठेवावी, हा उपाय मी सुचवला. आजोबांना तो पटला आणि दुपारपर्यंत काम झाले.

शिवाय गरम फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही बसवला. निवड करताना स्प्रिंगचा टाळून झडपेचा, आडव्या पाइपात बसणारा घेतला, कारण स्प्रिंग उघडण्यासाठी लागणारा थोडा दाबही वरच्या मजल्यावर महाग पडतो. हाच व्हॉल्व्ह वीसही घरांच्या गरम फाट्यांवर सोसायटीच्या खर्चाने बसवावा, आणि थंड लाइनीवर पंप बसवण्याआधी समितीला कळवणे बंधनकारक करावे, असे दोन ठराव पुढील सभेपुढे ठेवत आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल सायंकाळी ५९ अंश, आज पहाटे ५६. दोन नंबरच्या टोकाला ५५. व्हेंटखालची फरशी कोरडी.

२१ डिसेंबर, शनिवार

रात्रीची गळती थांबूनही सायंकाळचे तापमान ६० च्या वर जात नाही, म्हणून आज कलेक्टरांकडे वळलो. पुण्यात भारतीय प्रमाणवेळेनुसार सूर्य माथ्याशी येतो तो या दिवसांत साडेबाराच्या सुमारास, म्हणून त्याच वेळी चारही गटांच्या वरच्या निर्गम पाइपांचे तापमान घेतले. तीन गट ६७ ते ६९ अंशांवर होते. चौथ्याचा पाइप ४४ अंशांवर होता, आणि त्याच्या कलेक्टरांची काच मात्र शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापलेली होती. ऊन आत येते, उष्णता तयार होते, पण पाणी ती वाहून नेत नाही, असा याचा अर्थ आहे. अडकलेली हवा हे एक संभाव्य कारण होते. वरचा प्लग सैल करून पाहिला, तर फुसकारा न येता लगेच पाणी आले. तळाचा निचऱ्याचा कॉक उघडल्यावर पांढऱ्या खपल्या बाहेर पडल्या.

हा क्षार बोअरच्या पाण्याचा आहे. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी मृदू असते, परंतु उन्हाळ्यात किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असतो त्या गुरुवारी आपण बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडतो. काळ्या कातळातून येणाऱ्या त्या पाण्यात चुन्याचे क्षार भरपूर असतात. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, हा क्षार मात्र पाणी तापले की बाहेर पडतो आणि सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे कलेक्टरच्या तांब्याच्या नळ्यांत, बसतो. चौथा गट टाकीपासून सर्वांत दूर असल्याने त्यातले अभिसरण आधीच मंद होते. मंद वाहणारे पाणी जास्त तापते, जास्त तापलेले जास्त क्षार सोडते, आणि क्षाराने वाट आणखी अरुंद होते.

२२ डिसेंबर, रविवार

कलेक्टर तापण्याआधी, पहाटेच काम सुरू केले आणि चौथ्या गटावर ताडपत्री अंथरली, कारण काचेखाली तापलेले आम्ल उसळून अंगावर येऊ शकते. गट टाकीपासून दोन्ही बाजूंनी वेगळा केला. मिस्त्रींनी आणलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू दिले नाही. त्याचा थोडासा अंश जरी टाकीत गेला तरी स्टेनलेस स्टीलच्या सांध्यांना ते खाते. त्याऐवजी सल्फॅमिक आम्लाची पूड वेष्टनावरील प्रमाणात पाण्यात मिसळून, लहान पंपाने बादलीतून गटात आणि गटातून परत बादलीत फिरवली. हातमोजे आणि चष्मा दोघांनीही घातले होते. सुरुवातीला फेस जोराने येत होता. तो येणे थांबले आणि परतीचे पाणी मोकळेपणाने पडू लागले, तेव्हा द्रावण काढून घेतले, धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवले आणि नंतर साध्या पाण्याने गट पुन्हा पुन्हा धुतला. बादलीतले वापरलेले आम्लही सोड्याने उदासीन केल्यावरच गटारात सोडले.

दुपारी साडेबाराला चौथ्या गटाचा पाइप ६६ अंशांवर होता.

५ जानेवारी २०२५, रविवार

गेले दोन आठवडे निरभ्र दिवशी टाकी सायंकाळी ६५ आणि पहाटे ६२ अंशांच्या आसपास राहते आहे. तक्रारवहीत गरम पाण्याविषयी नवी नोंद नाही आणि कलेक्टर बदलण्याचा प्रस्ताव समितीने मागे घेतला आहे. मिळकतकरातील सवलत चालू यंत्रणेलाच मिळते, म्हणून तापमानाच्या या नोंदी सोसायटीच्या दप्तरात लावल्या आहेत.

दोन गोष्टी आजच्या सभेत स्वतः बोलून सांगितल्या. टाकी कित्येक आठवडे चाळिशीत राहात होती, आणि २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात. फुप्फुसांच्या आजाराला कारण ठरणारे हे जिवाणू वृद्धांना विशेष घातक असतात. ६० अंशांच्या वर ते फार काळ टिकत नाहीत, म्हणून टाकी रोज तेवढी तापणे हे आंघोळीच्या सुखापलीकडेही आवश्यक आहे. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. लोकांना कोमट पाण्याची सवय झाली होती आणि आता नळातून येणारे पाणी काही सेकंदांत कातडी भाजू शकते. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, गरम नंतर सोडावे आणि लहान मुलांना मिक्सरला हात लावू देऊ नये, अशी सूचना प्रत्येक मजल्याच्या फलकावर लावली आहे.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा ठराव मंजूर झाला असून दोन नंबरच्या लाइनीपासून काम सुरू होईल. बोअरचे पाणी यापुढे केवळ फ्लश आणि बागेच्या टाकीत जावे यासाठी स्वतंत्र पाइपाचे अंदाजपत्रक मागवले आहे. ते काम मार्चअखेर, उन्हाळ्याची पाणीकपात सुरू होण्याआधी, पूर्ण व्हायला हवे. तोवर गुरुवारी बोअर सुरू करण्यापूर्वी गरम टाकीकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करण्यास आणि महापालिकेचे पाणी आल्यावर तो उघडण्यास वॉचमनदादांना सांगितले आहे, आणि त्या व्हॉल्व्हला लाल रंग दिला आहे.